कजाग सासू आणि मिसेस डिसा : ललिता पवार यांच्या अभिनयाचा विचार

एखाद्या व्यक्तीच्या नावाचे सामान्यनाम होणे हा कीर्तीचा एक प्रकार खरा. पण तो नेहमीच भाग्याचा असतो असे नाही. आपल्याकडे एखादी सासू सुनेशी जरा चढ्या आवाजात बोलली की ‘ही म्हणजे अगदी ललिता पवार!’ असे म्हणण्याची रीत कित्येक वर्षे चालत आली आहे. ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट पुरता पाहिलेला नाही, त्यांच्याही तोंडी हे वाक्य सहज येते. नटीच्या कामाचा ठसा लोकमानसावर इतका खोल उमटावा, ही तिच्या कर्तृत्वाची पावतीच होय. परंतु त्याच पावतीने तिचे उरलेले सारे काम झाकून टाकले, हेही तितकेच खरे आहे.

मूकपटांच्या काळात बालवयात कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ही स्त्री दूरदर्शनच्या युगापर्यंत काम करीत राहिली. नायिका, निर्माती, सासू, आई, आत्या, फळविकी, घरमालकीण, परिचारिका, पौराणिक दासी अशा असंख्य भूमिका तिने केल्या. या विस्तीर्ण कारकिर्दीत दोन स्त्रिया आपल्या समाजाच्या आहेत. एक ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा आणि दुसरी ‘आनंद’ (१९७१) मधील मेट्रन डिसा. त्या दोघींचा विचार केल्याखेरीज ललिताबाईंच्या अभिनयाचे खरे मोल कळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. किंबहुना, त्यांची गाजलेली दुष्ट सासू आपण कशी पाहावयास हवी होती, हेही या दोन भूमिकाच आपल्याला सांगतात.

नायिका आणि निर्माती

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. मूळ नाव अंबा. येवले हे रेशमी वस्त्रांचे गाव आणि वडिलांचा व्यवसायही कापडाचाच. पुण्याच्या चित्रपटव्यवसायात त्या बालकलाकार म्हणून शिरल्या, तेव्हा चांगल्या घरच्या मुलीने पडद्यावर येणे ही सहज स्वीकारली जाणारी गोष्ट नव्हती. पडदा तेव्हा मुका होता. शब्दांचा आधार नसल्यामुळे नटाला सारे काही चेहरा, हात आणि चाल यांच्या साहाय्यानेच सांगावे लागे. ललिताबाईंचे पुढील कामही ज्यांनी बारकाईने पाहिले असेल, त्यांच्या हे ध्यानात येईल की, त्या संवाद बोलण्यापूर्वीच अर्धे काम करून मोकळ्या होत असत. पदर खोचण्याची ढब, मान वळविण्याचा वेग आणि समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत मापून घेण्याची नजर ही सारी मूकपटाच्या शाळेतली विद्या होती.

आज फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही, पण त्या काळात त्या नायिका होत्या आणि निर्मातीही. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटात त्यांनी काम केले आणि त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. त्यानंतर काही वर्षांनी आलेला ‘दुनिया क्या है’ हा बोलपट तॉलस्तॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवर आधारलेला होता. एका पुरुषाच्या क्षणिक मोहापायी आयुष्यातून उठलेली तरुणी आणि वर्षांनंतर न्यायासनाजवळ बसून तिला ओळखणारा, पश्चात्तापाने जागा झालेला तो पुरुष, अशी ती कथा. विशीतल्या एका मराठी अभिनेत्रीने स्वतः निर्माती होऊन पाप, पश्चात्ताप आणि पुनरुत्थान हा विषय निवडावा, यावरून तिच्या महत्त्वाकांक्षेची जात कळते. १९४१ साली मास्टर विनायकांच्या, वि. स. खांडेकरांच्या कथेवरील ‘अमृत’ या चित्रपटातही त्या होत्या. थोडक्यात, पंचविशीपर्यंतचा त्यांचा प्रवास हा उद्याची मोठी नायिका होऊ पाहणाऱ्या स्त्रीचा होता.

एक थप्पड

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगी त्यांना थोबाडीत बसावयाची होती. समोर भगवानदादा होते. हे कलावंत पुढे ‘अलबेला’मुळे घराघरांत पोहोचले. हात जरुरीपेक्षा जोरात पडला. त्यात द्वेष नव्हता, दुष्टावा नव्हता. कामाच्या ठिकाणी घडलेला तो एक अपघात होता. परंतु त्या आघाताने ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा मात्र कायमचा बारीक झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

गिरणीत यंत्रात हात सापडलेल्या कामगाराचे दुःख आपल्याला चटकन समजते. नटीचा चेहरा हेच तिचे हत्यार आणि तेच तिचे भांडवल असते, हे मात्र आपण विसरतो. हत्यार मोडल्यावर व्यवसाय सोडून देणे हा एक मार्ग होता. ललिताबाईंनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी मोडलेले हत्यार तसेच हाती घेतले आणि त्यानेच काम चालू ठेवले. प्रभातच्या ‘रामशास्त्री’मध्ये (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या. मराठी मनाने ‘ध’ चा ‘मा’ करणारी म्हणून जिला पिढ्यान्‌पिढ्या दोषी ठरविले, ती आनंदीबाई! नायिकेचे दार बंद झाले होते. खलनायिकेचे दार त्यांनी एका ऐतिहासिक भूमिकेने उघडले.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. ‘दाग’मध्ये (१९५२) त्या दिलीपकुमारची आई झाल्या; दिलीपकुमार त्यांच्यापेक्षा केवळ सहा वर्षांनी लहान! ‘हम दोनो’मध्ये (१९६१) ज्या देव आनंदच्या एका रूपाची त्या आई होतात, तो त्यांच्याहून सात वर्षांनी धाकटा. पुरुष नट चाळिशीतही महाविद्यालयीन तरुण म्हणून खपून जाई आणि त्याच्या बरोबरीच्या वयाची स्त्री मात्र त्याची माता म्हणून पांढरे केस लावून उभी राही. आपल्या चित्रपटसृष्टीचा हा दुटप्पी न्याय जुनाच आहे. ललिताबाईंच्या वाट्याला तो दुखापतीमुळे इतरांपेक्षा लवकर आला, इतकेच.

खाष्टपणाच्या नाना तऱ्हा

‘सासू’ या एका शब्दात त्यांच्या भूमिका कोंबून टाकणे ही समीक्षेतील आळसाची गोष्ट होय. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मधील (१९५०) सासू घ्या. हुंडा पुरेसा आला नाही म्हणून ती सुनेचा छळ करते. येथे ललिताबाई लोभाची भूमिका करतात. आणि लोभी माणसाप्रमाणेच त्यांचे डोळे सतत काहीतरी मोजत असतात. हुंडाबंदीचा केंद्रीय कायदा १९६१ साली झाला. त्याच्या अकरा वर्षे आधी हा चित्रपट त्या प्रथेचे भीषण रूप प्रेक्षकांसमोर मांडीत होता.

गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधील सीतादेवी निराळी. ती श्रीमंत आहे, शिकलेली आहे, सभा गाजविणारी आहे आणि विवाह म्हणजे स्त्रीची गुलामगिरी असे मानणारी आहे. हिंदू विवाह कायद्याचेच ते वर्ष. भाचीला वारसा मिळावा म्हणून ती पैसे देऊन तिचे नावापुरते लग्न लावते आणि लगोलग घटस्फोटाची तयारीही करते. विवाहाच्या संस्कारावर श्रद्धा असलेल्या आपल्या वाचकांना त्या चित्रपटाचा शेवट सुखावह वाटेल; पण स्त्रीच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्या स्त्रीला त्याने उगाचच हास्यास्पद केले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. लेखनात जो मान नव्हता, तो ललिताबाईंनी अभिनयातून दिला. त्यांची सीतादेवी चुकते, पण ती मूर्ख वाटत नाही.

‘जंगली’मधील (१९६१) आई ही कुलाभिमानाची मूर्ती आहे. तिच्या घरात हसणे हाच अपराध. तिचा कडकपणा ‘दहेज’मधील लोभातून आलेला नाही, तो भीतीतून आला आहे. आपण एकदा हसलो तर सारा डोलारा कोसळेल, असे तिला वाटत असावे. आणि ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) तर लेखकाने व अभिनेत्रीने मिळून या खाष्ट स्त्रीची कळच उलटी फिरविली. आईच्या आजारपणासाठी पैसा हवा म्हणून एक तरुण म्हाताऱ्या शिक्षकाचे सोंग घेऊन शिकवणी पत्करतो. घरची करडी पालक असलेली सीतादेवी वर्मा त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. शम्मी कपूरच्या धांगडधिंग्यावर हसता हसता प्रेक्षक एकाएकी थबकतो. आयुष्यभर दुसऱ्यांची मुले शिस्तीत वाढविलेल्या या स्त्रीला कोणी कधी मायेने हाक मारली नव्हती, हे त्याच्या ध्यानात येते. विनोदी चित्रपटात एवढी करुण जागा निर्माण करणे आणि तरीही विनोद मोडू न देणे, हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे.

‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळेवालीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. मुंबईत नव्याने आलेल्या, खिशात दमडी नसलेल्या तरुणाशी ती केळ्यांच्या भावावरून हुज्जत घालते आणि पुढे त्याच्यावर माया करते. रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या त्या जगात तीच आई आहे. बोलणे फटकळ आणि हात सढळ, हा मिसेस डिसाचा आराखडा येथेच तयार झालेला दिसतो.

एकाच वर्षातील दोन स्त्रिया

१९५९ हे वर्ष ललिताबाईंच्या कारकिर्दीत निर्णायक मानावयास हवे. त्या वर्षी नूतन नायिका असलेले दोन चित्रपट आले आणि दोहोंत ललिताबाई होत्या. पहिला बिमल रॉय यांचा ‘सुजाता’. कथा सुबोध घोष या बंगाली लेखकाची, दिग्दर्शक बंगाली. पण नूतन, सुलोचनाबाई, शशिकला आणि ललिता पवार या चारही प्रमुख स्त्रिया मराठी मातीतल्या. ब्राह्मण कुटुंबात वाढलेल्या अस्पृश्य मुलीची ही कहाणी. ललिताबाईंची गिरिबाला ही त्या घरातील वडीलधारी स्त्री, सोवळ्याओवळ्याची कट्टर. तिला सुजाताचा स्पर्श नको, सावलीही नको.

ही भूमिका त्यांच्या खाष्ट स्त्रियांमध्ये सर्वांत भयंकर आहे, असे मला वाटते. आणि ती भयंकर आहे याचे कारण गिरिबाला दुष्ट नाही. ती धार्मिक आहे, घराची काळजी वाहणारी आहे, आपल्या माणसांवर तिचा जीव आहे. तिची निर्दयता तिच्या श्रद्धेच्या पोटातून आलेली आहे. ‘दहेज’मधील सासूचा राग येतो व आपण मोकळे होतो, कारण आपण तसे नाही असे आपल्याला वाटते. गिरिबाला मात्र प्रत्येक समाजात, देवळाच्या आणि चर्चच्या पायरीवरही, भेटू शकते. धर्म स्वीकारूनही जातीची उतरंड मनातून न गेलेली माणसे आपल्यातही आहेतच. अशा व्यक्तीला राक्षसी न करता रंगविणे हे अभिनेत्रीचे नैतिक धैर्य होय.

दुसरा चित्रपट ‘अनाडी’. ‘मुसाफिर’नंतरचा हृषीकेश मुखर्जींचा हा दुसरा चित्रपट. राज हा भाबडा, बेकार चित्रकार मिसेस डिसा यांच्या घरी भाड्याने राहतो. भाडे थकले की बाईंचा तोंडपट्टा सुरू होतो. पण राज जेवला की नाही, ही चिंताही त्याच तोंडातून बाहेर पडते. बाईंचा स्वतःचा मुलगा वारला आहे. त्याची रिकामी जागा या परधर्मीय भाडेकरूने केव्हा भरून काढली, हे दोघांनाही कळत नाही. राजला ज्या धनिकाकडे नोकरी लागते, त्याच्याच औषध कंपनीने विषारी झालेले औषध बाजारात जाऊ दिलेले असते. आजारी पडलेल्या मिसेस डिसा ते औषध घेतात आणि मरतात. संशय येतो राजवर. ज्याला तिने पोटच्या पोराप्रमाणे सांभाळले, त्याच्यावरच तिला विष दिल्याचा आरोप!

पडद्यावरील ख्रिस्ती व्यक्तींना जी मोडकीतोडकी हिंदी बहाल केली जाते, ती मिसेस डिसाच्याही वाट्याला आली आहे. मात्र ललिताबाई त्या बोलीचा उपयोग हशा मिळविण्यासाठी करीत नाहीत. त्या बोलीत त्या रागावतात, काळजी करतात, थकतात. त्यामुळे काही वेळाने भाषेकडे लक्षच जात नाही. समोर एक बाई उरते. मुंबईच्या जुन्या वस्त्यांत एखादी खोली भाड्याने देऊन संसाराला हातभार लावणाऱ्या, भाडेकरूला शिस्त लावणाऱ्या आणि तापाने फणफणला तर त्याच्या उशाशी बसणाऱ्या कितीतरी विधवा आपल्या धर्मग्रामांनी पाहिल्या आहेत. ललिताबाई स्वतः ख्रिस्ती नव्हत्या. तरीही त्या स्त्रीचे करारीपण त्यांनी नेमके टिपले. तिचे प्रेम गोड बोलत नाही. ते हिशेब विचारते, ताटात भात वाढते आणि पाठ फिरवून डोळे पुसते.

या भूमिकेचा गाभा मातृत्वाचा आहे, परंतु ते रक्ताचे मातृत्व नाही. क्रूसाखाली उभ्या असलेल्या आईच्या हाती एका शिष्याला सोपविले जाते आणि त्या क्षणी आई व मुलगा यांचे नवे नाते जन्माला येते, हा शुभवर्तमानातील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. दिग्दर्शकाच्या मनात तो होता की नव्हता, हे सांगता येणार नाही. पण मुलगा गमावलेली आई आणि आईविना मुलगा यांचे नाते ख्रिस्ती प्रेक्षकाला ओळखीचे वाटते ते त्यामुळेच. फिल्मफेअरने या भूमिकेसाठी ललिताबाईंना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक दिले. गिरिबाला आणि मिसेस डिसा एकाच वर्षी साकार करणाऱ्या अभिनेत्रीला तो मान मिळणे सर्वथा योग्य होते. एक स्त्री घरातल्या मुलीला परकी मानते, तर दुसरी परक्या मुलाला घरातला मानते. चेहरा एकच, आवाज एकच आणि तो बारीक झालेला डावा डोळाही एकच!

मेट्रन डिसा

बारा वर्षांनी हृषीकेश मुखर्जींनी ‘आनंद’ काढला. चित्रपट त्यांनी मुंबई शहराला आणि राज कपूरला अर्पण केला आहे. रमेश देव यांच्या डॉक्टर प्रकाश कुलकर्णींच्या रुग्णालयातील मेट्रनला त्यांनी पुन्हा ‘डिसा’ हेच आडनाव दिले आणि भूमिकेसाठी ललिताबाईंनाच बोलाविले. योगायोग म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. ‘अनाडी’तील त्या बाईचे ऋण दिग्दर्शकाच्या मनात राहिले असावे, असे वाटते.

मेट्रन डिसा नियमांची पक्की आहे. रुग्णाने वेळेवर औषध घ्यावे, बिछान्यावर पडून राहावे, गोंगाट करू नये हा तिचा कायदा. आणि आनंद तर नियम मोडण्यासाठीच जन्मलेला. मरण दाराशी उभे असलेला हा हसरा माणूस त्या करड्या बाईला हळूहळू जिंकून घेतो. भूमिका छोटी आहे. मोठा संवाद नाही, गाणे नाही. मात्र परिचारिकेच्या पेशाचे एक सत्य ललिताबाईंनी येथे पकडले आहे. रोज मृत्यू पाहणाऱ्या स्त्रीला कडक व्हावेच लागते. तो कडकपणा म्हणजे तिने स्वतःभोवती घातलेले कुंपण असते. आनंदपुढे ते कुंपण कोसळते, तेव्हा प्रेक्षकाच्या ध्यानात येते की, आत कोमलता नव्याने उगवलेली नाही, ती पूर्वीपासून होतीच. आपल्या समाजातील असंख्य मुलींनी परिचर्येचे व्रत घेतले आहे. त्यांपैकी कोणीही ही मेट्रन पाहून ‘अशी आमच्याकडे होती’ असे म्हणेल.

मर्यादा

एवढे म्हटल्यावर काही आक्षेपही नोंदवावयास हवेत. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती स्त्रीला बहुधा दोनच ठिकाणी पाहिले आहे. एक तर ती मद्यालयात नाचणारी, आखूड झग्यातली तरुणी असते, नाही तर प्रेमळ, एकाकी म्हातारी. ‘बॉबी’ (१९७३), ‘ज्यूली’ (१९७५), ‘बातों बातों में’ (१९७९) यांनी ख्रिस्ती कुटुंब पडद्यावर आणले, पण तेही गोवेकर, अँग्लो-इंडियन वा वांद्र्याचे. घरी मराठी वा सामवेदी बोलणारा, शेतीवाडी करणारा ख्रिस्ती माणूस त्या पडद्याला दिसलाच नाही. मिसेस डिसा या दुसऱ्या साच्याच्या आरंभी उभी आहे. तिच्या मागे तिचे धर्मग्राम, तिचे नातलग, तिचे शेजारी यांना कथेत फारशी जागा नाही. ती नायकाला माया देण्यासाठी येते आणि नायकावर संकट यावे म्हणून मरते. ललिताबाईंनी तिला जिवंत केले. लेखनाने मात्र तिला पुरते आयुष्य दिले नाही.

दुसरा आक्षेप त्यांच्या उत्तरकाळाविषयीचा. एकदा साचा पक्का झाल्यावर निर्मात्यांनी तो घासून गुळगुळीत केला. १९८० साली ‘सौ दिन सास के’ असा चित्रपट आला. नावातच सासू आणि ती कोण असणार, हे सांगण्याची गरजच नव्हती. अशा कित्येक भूमिकांत ‘सुजाता’तील सूक्ष्मता शोधूनही सापडत नाही, भुवया उंचावणे, आवाज चढविणे, डोळा बारीक करणे एवढ्यावर काम भागते. त्याचा दोष त्यांच्यावर किती ठेवावा? त्या कलेसाठी कला करणाऱ्या हौशी नटी नव्हत्या. अभिनय हा त्यांचा पोटाचा व्यवसाय होता. सुताराकडे रोज कोरीव देव्हारा घडविण्याचे काम येत नाही. बहुतेक दिवस पाट आणि खुर्च्याच कराव्या लागतात. त्यांनी पाटही मजबूत केले, एवढे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

डोळा कोणाचा, दोष कोणाचा?

१९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये त्या मंथरा झाल्या होत्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना त्याच वर्षीचा मिळाला. पुढे रामानंद सागर यांच्या दूरदर्शनवरील ‘रामायण’मध्ये (१९८७-८८) सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई पुन्हा मंथरा म्हणून अवतरल्या. त्या रविवारी सकाळी साऱ्या देशातील रस्ते ओस पडत आणि मिस्सेहून परतलेली आपली कुटुंबेही टीव्हीपुढे बसत. मंथरा कुबडी आहे आणि दुष्ट आहे. जणू एक दुसऱ्याचे कारण असावे. शरीराचे व्यंग म्हणजे मनाच्या कुटिलतेची खूण, ही समजूत आपल्या कथा-पुराणांत आणि म्हणींतही खोल रुजलेली आहे. चित्रपटसृष्टीने ललिताबाईंच्या दुखावलेल्या डोळ्याचा उपयोग याच समजुतीवर भिस्त ठेवून केला. अपघाताने बारीक झालेला डोळा पाहून प्रेक्षक ‘बघा, कशी कपटी नजर आहे’ असे म्हणत राहिले. ती नजर कपटाची नव्हती. ती एका जखमेची निशाणी होती.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? गुरूने तो प्रश्नच चुकीचा ठरविला. आपण चित्रपटगृहाच्या अंधारात तोच प्रश्न तीन-चार पिढ्या विचारीत आलो आणि दर वेळी उत्तर एका स्त्रीच्या चेहऱ्यावर चिकटवून मोकळे झालो. हुंड्याचा लोभ समाजाचा, जातीचा अहंकार समाजाचा, सुनेचा छळ अनेक घरांतला. परंतु त्या साऱ्याचा चेहरा मात्र ललिता पवार यांचा. त्यांना शिव्या घातल्या की आपले घर स्वच्छ!

मिसेस डिसा आणि मेट्रन डिसा या भूमिकांचे महत्त्व म्हणूनच केवळ ‘चांगल्या बाई’च्या भूमिका एवढेच नाही. तोच डोळा, तीच चढलेली भुवई, तोच खणखणीत आवाज घेऊन ललिताबाईंनी येथे वात्सल्य उभे केले. चेहऱ्यात काही बदलले नाही. बदलला तो आपला पाहण्याचा कोन. ‘अनाडी’ पाहून ‘सुजाता’कडे वळणाऱ्या प्रेक्षकाला गिरिबालेतही एक दुखावलेले, भ्यालेले माणूस दिसू लागते.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात ललिताबाईंचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांना तोंडाच्या कर्करोगाने ग्रासले होते. ज्या वाणीने त्यांनी हजारो प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणला, तिलाच व्याधीने गाठले. त्यांच्या नावे शेकडो चित्रपट जमा आहेत. त्यांतील पुष्कळसे विसरण्याजोगे आहेत आणि ते विसरले गेलेही आहेत. मात्र ‘रामशास्त्री’, ‘श्री ४२०’, ‘सुजाता’, ‘अनाडी’, ‘प्रोफेसर’ आणि ‘आनंद’ एवढे सहा चित्रपट जरी आपण मुलांसमवेत बसून पुन्हा पाहिले, तरी मराठी रंगभूमी व चित्रपटाच्या इतिहासात या स्त्रीला तिची खरी जागा द्यावी लागेल. आणि पुढच्या वेळी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईला रागाच्या भरात ‘ललिता पवार’ म्हणण्याचा मोह झालाच, तर आपण तिला गिरिबाला म्हणत आहोत की मिसेस डिसा, याचा क्षणभर विचार करावा. बहुतेक घरांत ती दोन्ही असते.